सेंट्रलाइज्ड आहे, काही करता येत नाही

हा लेख वरच्या वाक्याविरुद्ध आहे.

मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतराला कुडकुडत बाहेर या आणि दारावरच्या पोराला म्हणा, "अरे, जरा एसी कमी कर ना." तो अदबीने सांगेल, "सर, सेंट्रलाइज्ड आहे, काही करता येत नाही." बँकेत हेच. कोचिंग क्लासमध्ये हेच. कपड्यांच्या शोरूममध्ये, एसी मंगल कार्यालयात, कॉल सेंटरच्या रात्रपाळीत हेच. आणि आपण ते हवामान खात्याच्या अंदाजासारखं निमूट ऐकून घेतो. बाहेर मे महिना पेटलेला असतो आणि आपण बॅगेतून हुडी काढतो.

मी अशा जागांच्या एसीच्या कंट्रोल पॅनेलचं काम करतो. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मला थंडी वाजत नाही, राग येतो. कारण ते खोटं आहे. पोराचा दोष नाही, त्याला तेच शिकवलंय. पण त्याच्या डोक्यावर, छपरावर जे यंत्र बसलंय, त्यातलं जवळजवळ सगळं काही 'करता येतं'. माझं म्हणणं थोडक्यात असं: तुम्हाला वाजणारी थंडी तीन निर्णयांतून येते. कॉम्प्रेसर किती मोठा घेतला, तो किती तुकड्यांत विभागला, आणि कुठला तुकडा कधी चालू नि कधी बंद व्हायचा याचे नियम कोणी लिहिले. हे तिन्ही निर्णय माणसांनी घेतलेत, आणि त्यांतलं कोणीच तुमच्या रांगेत बसून तीन तासांचा सिनेमा बघत नाही.

छपरावर काय आहे

मोठ्या आयटी पार्कात बहुधा चिलर असतो, तो वेगळा प्राणी. मी बोलतोय ते मधल्या आकाराच्या जागांबद्दल. तिथे छपरावर पत्र्याची एक मोठी पेटी असते, रूफटॉप पॅकेज युनिट. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, ब्लोअर सगळं त्या एका पेटीत, आणि तिथून डक्ट खाली हॉलमध्ये उतरतात. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथल्या सुपरमार्केटांच्या, शाळांच्या, छोट्या ऑफिसांच्या सपाट छपरांवर अशा पेट्या रांगेने बसलेल्या असतात. आपल्याकडे तिची धाकटी बहीण जास्त दिसते, डक्टेबल स्प्लिट. कॉम्प्रेसरची पेटी गच्चीवर, आणि कॉइल-ब्लोअर फॉल्स सीलिंगच्या वर. कॉम्प्रेसर चालवायचं तर्कशास्त्र दोघींचं एकच.

घरच्या जुन्या दीड टनी एसीत एक कॉम्प्रेसर असतो. तो चालू असतो किंवा बंद असतो, मधलं काही नाही. अकरा टनाच्या डक्टेबलमध्ये बहुधा साडेपाच-साडेपाच टनांचे दोन असतात. आता मधलं काहीतरी आलं: दोन्ही बंद, एक चालू, दोन्ही चालू. अमेरिकी पेटीत थर्मोस्टॅटपासून छपरापर्यंत २४ व्होल्टच्या बारीक तारा जातात. त्यांतली वाय-१ नावाची तार पहिल्या कॉम्प्रेसरला हाक मारते, वाय-२ दुसऱ्याला. खोली ठरवलेल्या तापमानाच्या थोडी वर गेली की वाय-१. तो एकटा पुरा पडला नाही, खोली आणखी तापली किंवा ठरावीक मिनिटं उलटली, की वाय-२. गार झालं की उलट्या क्रमाने दोघं घरी. बाहेरची हवाच पुरेशी गार आणि कोरडी असेल, तर ती आत घेणारी झडप असलेल्या पेट्या पहिल्या हाकेला कॉम्प्रेसर न लावता नुसती झडप उघडतात. डिसेंबरातल्या पुण्यात सकाळी हे फुकटात मिळतं.

याला स्टेजिंग म्हणतात. आपण 'पायऱ्या' म्हणू. जोडीला दोन-तीन साधे नियम. बंद झालेला कॉम्प्रेसर साधारण तीन ते पाच मिनिटं पुन्हा सुरू करायचा नाही, आतल्या गॅसचा दाब समतोल होऊ द्यायचा. दोन्ही एकाच क्षणी सुरू करायचे नाहीत. आणि पहिला कोण, दुसरा कोण याची पाळी बदलत राहायची, नाहीतर थोरला राबून मरतो आणि धाकटा नुसता बसून राहतो.

एवढंच आहे. दहावीच्या मुलाला अर्ध्या तासात समजेल. मग इतकी सोपी गोष्ट इतक्या ठिकाणी बिघडलेली का?

टनाचा लोभ

टन म्हणजे काय ते आधी. दोन हजार पौंड, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. आकड्यात जवळपास साडेतीन किलोवॉट. शब्द बर्फाच्या कारखान्यांच्या काळातला, पण आज तो मानपानाचा झालाय.

एखाद्या हॉलला किती टन लागतील याचा हिशेब सल्लागार करतो. तो मे महिन्यातली दुपार धरतो, हॉल खच्चून भरलेला धरतो, सगळे दिवे चालू धरतो. बरोबर आहे, तेवढं धरायलाच हवं. मग त्यावर थोडी 'सेफ्टी' चढवतो. ठेकेदार तक्रार नको म्हणून आणखी थोडी चढवतो. डीलरकडे नेमका तो आकार नसतो, मग वरचा आकार. शेवटी मालक म्हणतो, "शेजारच्या कार्यालयाला वीस टन आहे, आपल्याला पंचवीस टाका."

या साखळीत टन कमी करण्यात कोणाचाच फायदा नाही, हे नीट लक्षात घ्या. हॉल गरम राहिला तर बिल अडकतं. हॉल गारठला म्हणून आजवर कोणाचं बिल अडकल्याचं मी पाहिलेलं नाही. एका बाजूच्या चुकीला शिक्षा आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीला शाबासकी असेल, तर सगळे त्याच बाजूला चुकणार.

आता साधं गणित. हॉलला २२ टन बसवलेत. पावसाळी मंगळवारचा रात्रीचा खेळ, प्रेक्षक चाळीस. गरज समजा साडेपाच टनांची. यंत्र एकाच पायरीचं असेल, म्हणजे सगळे २२ टन एकदम चालू आणि एकदम बंद, तर तासातली फक्त पंधरा मिनिटं ते चालायला हवं. तीही सलग नाहीत. तीन मिनिटं चालू, नऊ मिनिटं बंद, असं तासात पाच वेळा. त्या तीन मिनिटांत तुमच्या मानेवर बर्फाचा झोत, आणि पुढची नऊ मिनिटं कोंदट. सरासरी काढली तर २४ अंश बरोबर येतात. पण सरासरीत कोणी बसत नाही. माणसं त्या झोतात आणि त्या कोंदटपणात बसतात.

तेच २२ टन साडेपाचच्या चार पायऱ्यांत असते, तर एक कॉम्प्रेसर शांतपणे अख्खा खेळ चालला असता आणि तुम्हाला एसी आहे हे आठवलंही नसतं. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच.

आणि ही 'कमी गरजेची' वेळ अपवाद नाही, तोच नियम आहे. अमेरिकेत अशा पेट्यांची कार्यक्षमता आयईईआर नावाच्या आकड्याने मोजतात. यंत्र पूर्ण भारावर, पाऊण भारावर, अर्ध्यावर आणि पाववर कसं वागतं ते बघून चौघांना वजन देतात. पूर्ण भाराला किती वजन असेल? २ टक्के. पाऊण भाराला ६१.७, अर्ध्याला २३.८, पावला १२.५ टक्के. म्हणजे ज्या क्षमतेच्या जोरावर डीलर यंत्र विकतो, मालक फुशारकी मारतो आणि माहितीपत्रकावर मोठा आकडा छापतात, तिला मोजणाऱ्यांच्या लेखी शंभरातले दोन गुण आहेत. उरलेले अठ्ठ्याण्णव गुण पायऱ्या उतरण्याच्या परीक्षेचे. आणि आपण खरेदी करताना त्या परीक्षेचा पेपरच मागत नाही.

यंत्रालाही हे महागात पडतं. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. दर सुरुवातीला त्याच्यातलं थोडं तेल गॅसबरोबर पाइपात निघून जातं, आणि ते परत यायला त्याला काही मिनिटं सलग चालावं लागतं. तीन मिनिटांत बंद केला तर तेल वाटेतच राहतं. कॉम्प्रेसर कामाने मरत नाही, सारख्या उठबशांनी मरतो.

गार आणि कोरडं

१९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने एक यंत्रणा आखली. आधुनिक वातानुकूलनाचा इतिहास बहुधा तिथून सांगतात. त्या छापखान्यातल्या माणसांना उकडत होतं ही त्याची अडचण नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जुळायचे नाहीत. कॅरिअरला हवेतलं पाणी काबूत आणायचं होतं. म्हणजे या यंत्राचं पहिलंच काम कोरडं करण्याचं होतं. सव्वाशे वर्षांनी आपण नेमकं तेच विसरलोय, आणि तेही मुंबईत.

हवेतलं पाणी कसं निघतं? गार कॉइलवर ते दवासारखं जमतं, थेंब मोठे होतात, घरंगळतात, खालच्या ट्रेमध्ये पडतात आणि नळीने बाहेर जातात. कॉम्प्रेसर सुरू झाल्याबरोबर हे होत नाही. आधी कॉइल गार व्हावी लागते, मग ओली व्हावी लागते, मग गळायला लागते. यात काही मिनिटं जातात. आता वरची तीन मिनिटं आठवा. कॉइल जेमतेम ओली होते आणि कॉम्प्रेसर बंद. ब्लोअर मात्र चालूच असतो, कारण माणसांना ताजी हवा लागते. मग तो काय करतो? कॉइलवर जमलेलं पाणी वाळवून पुन्हा हॉलमध्ये पाठवतो. विजेचे पैसे भरून पाणी हवेतून काढायचं आणि विजेचेच पैसे भरून ते परत हवेत सोडायचं.

जुलैमधल्या मुंबईत, पणजीत, रत्नागिरीत बाहेर फार तापलेलं नसतं, पण हवा पिळली तर पाणी निघेल अशी असते. गरज गारव्याची थोडी आणि कोरडेपणाची जास्त. अशा दिवशी अवाढव्य, एका पायरीचं यंत्र सगळ्यात वाईट वागतं. हॉल गार होतो पण दमट राहतो. अंग चिकट, पाय गार. कोणीतरी म्हणतं, "एसी नीट चालत नाहीये." मॅनेजर २४ वरून २० वर आणतो, मग १८ वर. चिकटपणा जरा कमी झाल्यासारखा वाटतो, कारण यंत्र थोडं जास्त वेळ चालतं. पण आता सगळे गारठतात. डक्टच्या जाळ्यांतून पाणी ठिबकायला लागतं, फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग उमटतात, आणि दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास येतो. मग तो वास मारायला रूम फ्रेशनर. रोगापेक्षा इलाज जालीम.

जाता जाता एक गैरसमज. सकाळी हॉल उघडल्यावर १६ वर ठेवला की लवकर गार होतो असं बहुतेकांना वाटतं. तापलेल्या हॉलमध्ये दोन्ही कॉम्प्रेसर तसेही पूर्ण ताकदीने चाललेले असतात. आकडा खाली नेल्याने त्यांना तिसरा हात फुटत नाही. फक्त थांबायची वेळ पुढे जाते, आणि तोवर आकडा परत वर नेण्याचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

अर्धी कॉइल

"आमच्या यंत्रात दोन पायऱ्या आहेत," असं कोणी म्हणालं तरी लगेच समाधान मानू नका. पुढचा प्रश्न: एकच कॉम्प्रेसर चालू असताना कॉइलचा किती भाग गार असतो?

काही यंत्रांत कॉइल आडवी कापून दोन कॉम्प्रेसरांना वाटून दिलेली असते. खालचा अर्धा पहिल्याचा, वरचा अर्धा दुसऱ्याचा. एकटा पहिला चालू असेल, तर निम्मी हवा गार-कोरडी होऊन जाते आणि निम्मी वरच्या बंद भागातून जशीच्या तशी. पुढे डक्टमध्ये दोघींची भेळ. दोन्ही मंडळांच्या नळ्या एकमेकींत विणून अख्ख्या कॉइलभर फिरवल्या, तर एक चालू असतानाही सगळी हवा गार नळ्यांना शिवून जाते. त्याहून चांगलं म्हणजे दोन कॉम्प्रेसर एकाच मंडळावर जोडायचे. एक बंद झाला की दुसऱ्याला पूर्ण कॉइल मिळते, आणि कमी भारावर यंत्र उलट जास्त कार्यक्षम होतं. हे सगळे प्रकार बाजारात आहेत. फरक माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर असतो, आणि सौदा पुढच्या पानावर होतो.

लोखंड तेच, मेंदू नवा

"हे सगळं ठीक, पण आता यंत्र बदलायला पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर २०१३ साली अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीच्या अहवालाने दिलंय. त्यांनी आठ इमारतींच्या छपरांवरच्या ६६ जुन्या पेट्या घेतल्या. कॉम्प्रेसर तेच ठेवले, कॉइल तीच, पत्रा तोच. वर फक्त नवा कंट्रोलर बसवला: ब्लोअरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा, ताजी हवा माणसांच्या संख्येप्रमाणे घेणारा, बाहेरची गार हवा वापरणारा. पेट्यांचा वीजवापर २२ ते ९० टक्क्यांनी उतरला. सरासरी ५७ टक्के.

यातली बरीच बचत ब्लोअर हळू चालवण्यातून येते, कॉम्प्रेसरमधून नव्हे, हेही सांगायला हवं. पंख्याचा वेग अर्धा केला तर त्याला लागणारी ताकद सिद्धांतानुसार आठवा हिस्सा होते. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक कॉम्प्रेसर चालू असताना ब्लोअरही हळू झाला, तर हवा कॉइलपाशी जरा रेंगाळते, जास्त पाणी टाकते, आणि मानेवरचा झोतही जातो. पायरी म्हणजे नुसता कॉम्प्रेसर नाही. त्याच्याबरोबर पंखाही उतरला पाहिजे.

अमेरिकेत ॲश्रे या संस्थेच्या ९०.१ या ऊर्जा मानकात मोठ्या पेट्यांना किमान किती पायऱ्या हव्यात हे लिहिलेलं आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, अमेरिकी ऑफिसंही उन्हाळ्यात गारठ्यासाठी बदनाम आहेत. पण निदान वाद योग्य जागी चाललाय. आपल्याकडे? १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हायला हवेत असा नियम आला. २०२५च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीची मर्यादा २० ते २८ अंश करण्याचं जाहीर केलं, आणि समाजमाध्यमांवर आठवडाभर "आमच्या रिमोटला हात लावाल तर" असा गदारोळ झाला. दोन्ही बाजू रिमोटवरच्या आकड्यावर भांडत होत्या. त्या आकड्याच्या मागे छपरावर किती टन आणि किती पायऱ्या आहेत, यावर कोणी बोललं नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आकडा २४ असला तरी अवाढव्य यंत्र एका पायरीने मारलं, तर तो हॉल गारठणारच.

ठरलेल्या सबबी

पहिली सबब: लोकांनाच गारेगार हवं असतं. उन्हातून आत आल्यावर पहिली दहा मिनिटं, हो. पण सिनेमा तीन तासांचा असतो, पाळी नऊ तासांची. ही दहा मिनिटं नि पुढचे तास यांतला फरक सगळ्यात स्वस्त टायमरलासुद्धा कळतो.

दुसरी: बायकांना जरा जास्तच थंडी वाजते. २०१५ साली नेचर क्लायमेट चेंज या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ऑफिसातल्या तापमानाच्या मानकांत शरीर किती उष्णता निर्माण करतं याचा जो आकडा धरलाय, तो सरासरी पुरुषाचा आहे आणि बायकांना तो जास्तीचा पडतो, असं त्यात दाखवलं होतं. म्हणजे तक्रार खरी आहे आणि मानक एकतर्फी आहे. पण एचआरवाले यातून सोयीचं तेवढं उचलतात: "शाल आणत जा." यंत्र त्या एकतर्फी मानकाचा आकडा तरी पाळतंय का, हे कोणी तपासत नाही. तीन मिनिटं झोत आणि नऊ मिनिटं कोंदट हे कोणाच्याच शरीराला मानवत नाही. दोन सहकाऱ्यांत भांडण लागतं, आणि खरा आरोपी छपरावर घरघरत राहतो.

तिसरी: इन्व्हर्टर बसवू, प्रश्न मिटेल. इन्व्हर्टर चांगलाच. वेग बदलणारा कॉम्प्रेसर म्हणजे पायऱ्यांच्या जागी उतार. डिजिटल स्क्रोल नावाचा एक प्रकार वेग न बदलता, आतल्या दोन चकत्या क्षणभर वेगळ्या करून क्षमता १० टक्क्यांपर्यंत खाली आणतो. पण उतारालाही तळ असतो. प्रत्येक यंत्राची एक किमान क्षमता असते, तिच्या खाली गेलं की पुन्हा चालू-बंद, चालू-बंद. दुप्पट मोठा इन्व्हर्टर घेतला तर त्याचा तळच हॉलच्या गरजेच्या वर जातो. मग स्टिकर इन्व्हर्टरचा आणि वागणं जुन्या दीड टनीचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मे महिन्यातला माणूस

या सगळ्याची किंमत कोण भरतं? थंडी वाजणारे तुम्ही आम्ही थोडी भरतो. वीजबिलातून मालक भरतो. सगळ्यात जास्त भरतो तो मेकॅनिक.

एका मोठ्या शोरूमच्या गच्चीवर मला वाय-१ आणि वाय-२ यांच्यामध्ये जोडलेला तारेचा तुकडा सापडला. चार इंचांचा असेल. कोण्या एका उन्हाळ्यात "थंड होत नाही" म्हणून आरडाओरडा झाला असणार, आणि कोणीतरी दोन्ही कॉम्प्रेसर एकदम लागावेत म्हणून ती तार मारली असणार. उन्हाळा गेला, तार राहिली. दोन पायऱ्यांचं यंत्र एका पायरीचं झालं. त्या जागी दोन वर्षांत तीन कॉम्प्रेसर बदलले होते, आणि दर वेळी ठपका होता "मेकॅनिकने काम नीट केलं नाही." कॉम्प्रेसरचं बिल पास व्हायला अडचण नव्हती. त्या चार इंचांच्या तारेकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

मेकॅनिकने तरी का बघावं? एएमसीच्या कागदावर फिल्टर धुणं असतं, कॉइल साफ करणं असतं, गॅस तपासणं असतं. पायऱ्या बरोबर लागतात का, कॉम्प्रेसर तासाला किती वेळा सुरू होतो, हे तपासण्याची ओळच नसते. सेटिंगचा पासवर्ड त्याच्याकडे नसतो. तो असतो ज्याने यंत्र बसवलं त्या कंपनीच्या इंजिनिअरकडे, आणि तो इंजिनिअर केव्हाच नोकरी बदलून दुसरीकडे गेलेला असतो. हा माणूस दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्यावर, सावली नसलेल्या गच्चीत, खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन शिडी चढतो, ते खालच्या लोकांना जॅकेट घालावं लागावं म्हणून. याहून मोठा विनोद मला या धंद्यात सापडलेला नाही, आणि मला त्याचं हसू येत नाही.

मग करायचं काय

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्या हातात फोन आहे. बहुतेक तुम्ही अशाच कुठल्यातरी थंडीत बसून वाचताय. तुम्हाला गच्चीवर जायचं नाही, पाना हातात घ्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचेत. ऑफिसच्या फॅसिलिटीवाल्यांना, क्लासच्या सरांना, कार्यालय बुक करताना मॅनेजरला, आणि उद्या स्वतःचं दुकान काढाल तेव्हा डीलरला.

या जागेला किती टन लागतात आणि किती बसवलेत? हिशेबाचा कागद आहे का?

त्या टनांच्या पायऱ्या किती? सगळ्यात खालची पायरी किती टनांची?

खालच्या पायरीवर ब्लोअर हळू होतो का?

कॉम्प्रेसर तासाला किती वेळा सुरू होतो? आजकालचे बहुतेक कंट्रोलर हे मोजतात. आकडा दहाच्या पुढे असेल तर तिथे काहीतरी चुकलंय.

तापमान मोजणारा सेन्सर कुठे आहे? काचेच्या दारापाशी, दिव्याखाली, की माणसं बसतात तिथे?

आणि पासवर्ड कोणाकडे आहे?

यातला एकही प्रश्न तांत्रिक बडेजावाचा नाही. एकाचंही उत्तर गुप्त असायचं कारण नाही. पण ते लेखी विचारा, ईमेलवर, चार सहकाऱ्यांना जोडून. तोंडी तक्रारीला 'सेंट्रलाइज्ड आहे' एवढं उत्तर पुरतं. लेखी प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणालातरी शिडी चढून पॅनेलचं दार उघडावं लागतं.